तंजावरला नुसतं देऊळ बघून परत फिरू नका

आपल्याकडची बहुतेक मंडळी तंजावर बघतात ते रामेश्वर-मदुराई-कन्याकुमारीच्या टूरमध्ये. बस देवळासमोर थांबते, दीड तास मिळतो, नंदीबरोबर फोटो, चला मदुराईला. आमचे बाबा असेच एकदा जाऊन आले होते आणि ते त्यांच्या मनात राहून गेलं होतं, कारण रिटायर झाल्यावर ते मोडी लिपी शिकले (तंजावरला भोसल्यांचं मराठी राज्य होतं, तिथे मोडी कागद ढिगाने आहेत) आणि तेव्हापासून घरात उठसूट तंजावरचा विषय. यावेळी ठरवलं की टूर वगैरे काही नाही, फक्त तंजावर, तिथेच मुक्काम आणि आजूबाजूचं जे जमेल ते. बाबा, आत्या आणि मी. आत्या कीर्तनाला साथ करते, तिला तिरुवय्यारु, म्हणजे त्यागराजांच्या समाधीचं गाव, बघायचं होतं.

पोचायचं कसं ते आधी सांगते. मुंबई-पुण्याहून चेन्नई गाठायचं आणि रात्री एग्मोर स्टेशनवरून उळवन एक्सप्रेस पकडायची, पहाटे तंजावर. विमानाने जायचं तर त्रिची जवळ पडतं, तिथून ५५-६० किमी, आणि त्रिची-तंजावर बस सारख्या असतात. आम्ही जानेवारीच्या शेवटी गेलो. पोंगलची गर्दी संपलेली असते, ऊन सहन होतं, आणि भाताची कापणी चालू असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिकडे पाऊस असतो (त्यांचा मुख्य पाऊस आपल्या नंतर येतो) तेव्हा टाळा, आणि एप्रिल-मेमध्ये तर अजिबात नको.

दिवस पहिला

उजाडताना खिडकीतून बघितलं तर दोन्ही बाजूला सपाट भातशेती, डोंगर नाही, टेकडी नाही, साधा खडक पण नाही. हे मुद्दाम लक्षात ठेवा, देवळात गेल्यावर याचा अर्थ कळतो.

शहर आटोपशीर आहे. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या २ लाख २२ हजारांच्या आसपास होती, २०१४ मध्ये महानगरपालिका झाली. उत्तरेला जुना किल्ला-राजवाड्याचा भाग आणि त्याच्याभोवती चार मोठे रस्ते, ईस्ट मेन, वेस्ट मेन, साऊथ मेन, नॉर्थ मेन. दक्षिणेला रेल्वे आणि तिच्या पलीकडे मेडिकल कॉलेज रोडच्या बाजूला नवीन वस्ती. मोठं देऊळ आणि राजवाडा यात पायी अंतर आहे, त्यामुळे लॉज जुन्या बस स्टँडच्या आसपास घ्या, रिक्षाचा प्रश्नच मिटतो.

सामान टाकून आधी नाश्ता. इडलीबरोबर सांबार-चटणी तर होतीच पण शेजारच्या टेबलवर काहीतरी पिवळसर पातळ भाजी दिसली, खुणेनेच ती पण मागितली. ते कडप्पा. मूगडाळ आणि बटाट्याचं, खोबरं-बडीशेप-खसखस वाटून लावलेलं, तंजावर-कुंभकोणम भागाची खासियत. आत्याने दोन वाट्या खाल्ल्या आणि लगेच घरी करायचा प्लॅन सुरू. त्यावर डबरा-टंबलरमधली फिल्टर कॉफी.

मग पेरिय कोविल. बृहदीश्वर हे नाव पुस्तकातलं, गावात सगळे पेरिय कोविलच म्हणतात, मोठं देऊळ. राजराजा चोळाने बांधलं, १०१० मध्ये पूर्ण झालं, म्हणजे हजार वर्षं होऊन गेली. विमान म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर २०० फुटांच्या वर आणि सगळं ग्रॅनाइटमध्ये. आणि सकाळी ट्रेनमधून बघितलेली जमीन आठवा, सगळी कावेरीने आणून टाकलेली गाळाची माती, हाताशी दगडच नाही! प्रत्येक चिरा लांबून वाहून आणलेला आहे. दक्षिणेत नंतरच्या देवळांत प्रवेशद्वाराचं गोपुर उंच असतं आणि गाभारा बुटका, इथे बरोबर उलटं, दोन्ही जुनी गोपुरं रुंद आणि ठेंगणी आणि नजर थेट मागच्या शिखरावर जाते. या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही असं गाईड लोक छातीठोकपणे सांगतात. पडते, आम्ही त्या सावलीतच बसलो होतो, उन्हाच्या वेळी फरशी तापते तेव्हा सगळे तिथेच बसतात. पायात मोजे ठेवा बरोबर, चालतात.

खरी गंमत मात्र खाली जोत्यावर आहे. देवळाच्या पायथ्याला चारी बाजूंनी तमिळ अक्षरं कोरलेली आहेत, ओळीच्या ओळी, आणि लोक तिथून न बघता पुढे जातात. आम्ही तमिळनाडूतल्याच एका निवृत्त शिक्षकांबरोबर फिरलो, त्यांनी बोट ठेवून ठेवून वाचून दाखवलं. राजराजाने हुकूम दिला की आम्ही जे दिलं, आमच्या अक्कानं जे दिलं (म्हणजे बहीण कुंदवै), राण्यांनी दिलं आणि इतरांनी दिलं ते सगळं दगडावर कोरा. आणि खरंच सगळं कोरलंय. दागिन्यांची वजनं आहेत, मूर्तींची मापं आहेत. ४०० नर्तकी वेगवेगळ्या गावांतल्या देवळांतून इथे आणून वसवल्या, तर त्यांची एकेकीची नावं आणि कोणत्या आळीत कितवं घर हे सुद्धा. देवापुढे एक नंदादीप कायम जळता ठेवायचा तर धनगराला ९६ मेंढ्या द्यायच्या आणि त्याने रोज ठरलेल्या मापाने तूप घालायचं. हजार वर्षांपूर्वीच्या बाईचं नाव, तिचं घर, हे दगडावर आहे आणि आपण ते वाचतोय, मला तर अंगावर काटा आला.

देवळात प्रत्येकाने आपापलं काहीतरी ठेवून दिलंय. अम्मनचं (देवीचं) मंदिर पांड्य राजांच्या काळातलं १३ व्या शतकातलं, नंदी आणि कोरीवकामाने गच्च भरलेलं सुब्रह्मण्याचं देऊळ नायकांच्या (भोसल्यांच्या आधीचे तंजावरचे राजे) काळातलं, आणि गणपती आपल्या सरफोजी राजे भोसल्यांचा. कोणी आधीच्याचं पाडलं नाही, शेजारी जागा बघून उभं केलं. गाभाऱ्याभोवतीच्या बोळात भिंतीवर चोळकाळातली चित्रं आहेत, त्यांच्यावर नायकांनी दुसरा थर देऊन चित्रं काढली होती त्यामुळे खालची दिसतच नव्हती, १९३१ मध्ये गोविंदस्वामी नावाच्या अभ्यासकांच्या लक्षात आलं. तिथे आपल्याला सोडत नाहीत, पण आवारातच त्याचे फोटो लावलेलं दालन आहे ते चुकवू नका.

दुपारी जेवून झोप काढली आणि संध्याकाळी परत देवळात. संध्याकाळी हे आवार म्हणजे गावाचं अंगण असतं, पोरं पळतायत, बायका हिरवळीवर डबे उघडून बसल्यात, कॉलेजची मुलं घोळक्याने. आणि आम्ही शोधत होतो मराठी शिलालेख. तो प्राकाराच्या नैऋत्य बाजूला ओवरीच्या भिंतीवर आहे, १८०३ चा, सरफोजी महाराजांनी कोरवून घेतलेला भोसले वंशाचा इतिहास, लिहिणारे त्यांचे चिटणीस बाबुराव. आणि तो मोडीत नाही, चक्क बाळबोध देवनागरीत आहे, त्यामुळे आपल्यापैकी कोणीही वाचू शकतं! अक्षर बारीक, ओळी लांबच लांब, भिंत संपता संपत नाही. मालोजी, शहाजी, शिवाजी महाराज, मग एकोजी आणि पुढचे तंजावरचे राजे. बाबा मोठ्याने वाचायला लागले. भाषा जुनी, मध्येच अडखळत होते, पण वाचत होते. थोड्या वेळाने मागे पाच-सहा तमिळ मुलं येऊन उभी राहिली, एकीने इंग्रजीत विचारलं की तुम्ही हे कसं वाचताय, आम्ही रोज इथे येतो, यात काय आहे ते आम्हाला कधी कोणी सांगितलंच नाही. बाबांनी अर्धा तास त्यांना सांगितलं. त्या बदल्यात त्या मुलीने आम्हाला शेजारचा तमिळ लेख जमेल तेवढा वाचून दाखवला, म्हणाली जुनी लिपी मला पण सगळी येत नाही. बाबा त्या दिवशी जेवतानासुद्धा त्याच विषयावर.

दिवस दुसरा

राजवाडा. बांधला नायकांनी, मग १६७६ च्या सुमारास एकोजी राजे (आपण व्यंकोजी म्हणतो, शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ) तंजावरच्या गादीवर आले आणि १८५५ पर्यंत भोसल्यांचा वाडा. १६७७ च्या दक्षिण मोहिमेत महाराज आणि व्यंकोजींची भेट इकडेच कोळ्ळिडम नदीच्या काठी झाली होती. आपल्या शाळेच्या पुस्तकात तंजावर तेवढ्यापुरतं येतं आणि संपतं, पुढची पावणेदोनशे वर्षं गायब. त्याचंच मला वाईट वाटतं, कारण खरी गोष्ट नंतरच आहे.

दरबार हॉलचे खांब आणि कमानी रंगवलेल्या आहेत, भिंतीवर चुन्यात उठावाच्या देवादिकांच्या रंगीत आकृती. तिथे थोडाच वेळ घालवला. आर्ट गॅलरीत मात्र अख्खी सकाळ गेली. चोळांच्या कांस्यमूर्ती, बऱ्याचशा गावागावांत जमिनीखाली पुरलेल्या सापडल्या. तिरुवेणकाडूची वृषवाहन शिवाची मूर्ती बघा, १०११ च्या आसपासची. शिव उभा आहे, एक पाय दुसऱ्यावरून तिरका टेकवलाय, डोक्याला जटांचाच फेटा गुंडाळलेला आणि त्यातून साप डोकावतोय, आणि उजवं कोपर असं हवेत टेकलंय. शेजारी बैल होता, त्याच्यावर हात ठेवून उभा होता, बैल आता नाही. पण हाताचा भार, खांद्याचा कल इतका खरा आहे की तिथे बैल दिसतो. आत्या तिथून हलेचना. काचेशिवाय इतक्या जवळून असं काही बघायला मिळणं म्हणजे नशीबच.

तिथेच सरफोजी महाराजांचा संगमरवरी पुतळा आहे, हात जोडून उभे. इंग्लंडच्या चँट्री नावाच्या शिल्पकाराने घडवलेला. या माणसाबद्दल थोडं लिहिते कारण तंजावर समजायचं तर हे दुसरे सरफोजी माहीत पाहिजेत. जन्म १७७७, तुळजाजी राजांनी दत्तक घेतले, पण तुळजाजी गेल्यावर गादी अमरसिंगाकडे गेली आणि मुलाची आबाळ सुरू झाली. तेव्हा श्वार्ट्झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याने त्यांना मद्रासला नेऊन शिकवलं. १७९८ मध्ये गादी मिळाली आणि पुढच्याच वर्षी इंग्रजांनी तह करून राज्याचा कारभार काढून घेतला, हातात राहिला किल्ला आणि मिळणारी रक्कम. वय बावीस. या परिस्थितीत दुसरा कोणी ऐषारामात बुडाला असता. यांनी पुस्तकं जमवली, छापखाना काढला, धन्वंतरी महाल नावाने औषधशाळा चालवली, डोळ्यांच्या पेशंटचे चित्रांसकट केसपेपर ठेवले (ते अजून आहेत, चेन्नईच्या नेत्रतज्ज्ञांनी त्यांचा अभ्यास केलाय). १८०६ मध्ये इथे इसापनीती मराठीत छापली गेली, 'बालबोध मुक्तावली' नावाने. तेव्हा पुण्यात दुसरा बाजीराव होता आणि छापखान्याचा पत्ता नव्हता. १८३२ मध्ये ते गेले, त्यांचे चिरंजीव शिवाजी राजे १८५५ मध्ये वारले, मुलगा नाही म्हणून इंग्रजांनी संस्थान खालसा केलं.

आणि आता सरस्वती महाल. वाड्याच्या आवारातच. सुरुवात नायकांची, वाढवला भोसल्यांनी, सर्वात जास्त सरफोजींनी, ते काशीयात्रेला गेले तेव्हा तिकडून हस्तलिखितं घेऊन आले. १९१८ पासून लोकांसाठी खुला. संस्कृत सगळ्यात जास्त, मग तमिळ, तेलुगू, आणि मराठी तीन हजारांच्या आसपास. म्युझियमचा भाग छोटा आहे पण सावकाश बघा: ताडपत्रं, माणसाच्या आणि प्राण्यांच्या चेहऱ्यांची तुलना करणारी चित्रं, जुने नकाशे, राजांची सही असलेली इंग्रजी पुस्तकं. प्रत्यक्ष हस्तलिखितं बघायला आधी अर्ज करून परवानगी लागते, अभ्यासाचं कारण सांगावं लागतं. सुट्टीचा वार आधी विचारून घ्या.

एक गोष्ट मला तिथे उभं राहून जाणवली. आपण मराठी रंगभूमी १८४३ पासून मोजतो, विष्णुदास भाव्यांच्या सांगलीच्या नाटकापासून. एकोजींचे चिरंजीव शाहजी राजे १६८४ ते १७१२ गादीवर होते, त्यांची मराठी नाटकं याच संग्रहात आहेत, म्हणजे भाव्यांच्याही सव्वाशे वर्षं आधीची. हेच शाहजी तेलुगूत पण लिहायचे, आणि नुसतं हौसेखातर नाही, त्यांचं पल्लकी सेवा प्रबंध हे तेलुगू गेयनाट्य आजही नावाजलेलं आहे. दरबारात तेलुगू, मराठी, संस्कृत, तमिळ सगळं चालायचं. मराठी लोक तिथे राज्य करायला गेले हे तर खरंच, पण मला जास्त अभिमान याचा वाटतो की ते तिथले झाले, तिथली भाषा, तिथले देव, तिथलं संगीत आपलं मानलं आणि आपलं जे होतं ते त्यांच्यात मिसळलं. भोसले घराण्याचे वंशज आजही ८८ देवळांचे वंशपरंपरागत विश्वस्त आहेत.

मोडी कागद तर ढिगाने आहेत. तंजावरला १९८१ मध्ये तमिळ विद्यापीठ निघालं, त्यांनी यातल्या बऱ्याच मोडी कागदांचं तमिळमध्ये भाषांतर करून घेतलं. तमिळ लोकांनी केलं हे. महाराष्ट्रात मोडीचे वर्ग आता बरेच चालतात, दोन महिने शिकून सर्टिफिकेट घेऊन लोक थांबतात, त्यातल्या दहा जणांनी जरी ठरवलं ना की आपण तंजावरचा एक रुमाल (कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा) वाचायचा तरी किती काम होईल.

बाहेर पडताना एक आजोबा भेटले, आमचं बोलणं ऐकून थांबले. घरात पिढ्यान्‌पिढ्या तंजावर मराठी बोलतात. चाल तमिळ, शब्द जुने, सुरुवातीला कान लावावा लागतो पण पाच मिनिटांत सगळं समजायला लागतं. लिहितात मात्र तमिळ अक्षरात. नातवंडं चेन्नई-बंगलोरला, त्यांना समजतं पण बोलत नाहीत म्हणाले. बाबांना 'वाडा दाखवला का कुणी' विचारून परत आत घेऊन गेले आणि बंद असलेल्या मजल्यांबद्दल सांगत बसले. घरी पोळ्या (आपली पुरणपोळी) होतात का विचारलं तर हसले, म्हणाले तमिळ घरातसुद्धा होतात. डांगर पचडी पण तिकडच्या घरांत आहे, उडदाच्या पिठाचं दह्यातलं. सांबाराची गोष्ट तर सगळ्यांना माहीत असते, शाहजी राजांच्या मुदपाकखान्यात आमसुलं संपली म्हणून चिंच घातली आणि पाहुणे आलेल्या संभाजी राजांचं नाव दिलं वगैरे. त्याला कागदाचा पुरावा नाही, लोककथा म्हणूनच ऐका. पुरावा पाहिजे तर सरफोजींच्या काळातलं पाकशास्त्राचं पुस्तकच आहे, सरस्वती महालाने छापलंय.

दिवस तिसरा

सकाळी कारागिरांकडे. तंजावर पेंटिंग सगळ्यांनी दुकानात बघितलेलं असतं, पण करताना बघा. लाकडी फळीवर कापड चिकटवतात (पूर्वी फणसाची फळी, आता प्लायवूड), त्यावर खडूची पूड आणि डिंकाचे थर, मग दागिने-कमानी उठावाने भरायच्या, खडे बसवायचे, वर सोन्याचा वर्ख, आणि रंग सगळ्यात शेवटी. वर्ख खरा आहे का ते विचारूनच घ्या, किमतीत खूप फरक असतो.

वीणेच्या कारखान्यात मात्र आम्ही खिळलोच. फणसाच्या एकाच ओंडक्यातून अख्खी कोरतात तिला एकांड वीणा म्हणतात, जोड नाही म्हणून आवाज सलग. आज दिसते ती २४ पडद्यांची वीणा १७ व्या शतकात रघुनाथ नायकाच्या काळात ठरली असं मानतात. आम्ही गेलो तेव्हा एक वयस्कर कारागीर पडदे बसवत होते. दांडीवर मेणाची काळी पट्टी, मेणात कोळशाची पूड मिसळलेली, ती गरम करून मऊ करायची, पितळी पडदा त्यात टेकवायचा, तार छेडायची, ऐकायचं, केसभर सरकवायचा, परत छेडायची. मशीन नाही, ट्यूनर नाही, नुसता कान. एका पडद्यावर त्यांचं समाधान होईना तर सहा-सात वेळा काढून लावला. आत्याने हळूच तो स्वर गुणगुणला तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मान वर करून बघितलं आणि मग तिच्याकडूनच पुढचे दोन स्वर म्हणवून घेतले. बोलायला एकमेकांची भाषा नव्हती, काही अडलं नाही.

शिवगंगा बागेजवळ श्वार्ट्झचं चर्च आहे, १७७९ चं. उघडं मिळालं तर आत संगमरवरी शिल्प बघा, फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराने केलेलं, मरणशय्येवरचे श्वार्ट्झ आणि त्यांचा हात धरलेले तरुण सरफोजी. राजाने आपल्या गुरूसाठी करवून घेतलं आणि स्वतःचा धर्म मात्र सोडला नाही.

दुपारून तिरुवय्यारु, उत्तरेला १३ किमी. टाऊन बसने जा, वाटेत वेण्णार, वडवार अशा एकामागून एक नद्या-कालवे ओलांडत जायला मजा येते. रस्त्याच्या कडेला भात वाळत घातलेलं, मळणी यंत्रं चालू. कर्नाटक संगीतातले संत-रचनाकार त्यागराज (१७६७-१८४७) यांची समाधी कावेरीच्या काठावर. ती आज जशी आहे तशी उभी केली बंगलोर नागरत्नम्मा यांनी, देवदासी परंपरेतल्या गायिका, स्वतःचं किडूकमिडूक घालून. आणि आराधनेत (त्यागराजांच्या पुण्यतिथीचा संगीत उत्सव) तेव्हा बायकांना गायला मज्जाव होता, तो पण त्यांनीच मोडून काढला. त्यांची स्वतःची समाधी समोरच आहे, तिथेही नमस्कार करा, लोक विसरतात. आराधना नुकतीच होऊन गेली होती, मांडवाचे बांबू उतरवायचं काम चाललं होतं. आत्या समाधीसमोर बसून एक अभंग म्हणाली. तिथल्या पुजाऱ्यांनी थांबवलं नाही, उलट म्हणाले हरिकथेत आमच्याकडे पण अभंग म्हणतात. आणि हे खरंच आहे, तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी मराठी कीर्तनाची पद्धत तमिळ हरिकथेत आणली, साकी, दिंडी, ओवी, अभंग ही सगळी वृत्तं तिकडे रुळली. भरतनाट्यमचा आजचा क्रम (अलारिपु, जतिस्वरम, शब्दम, वर्णम असा) बसवणारे पोन्नय्या, चिन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलु हे चार भाऊ पण सरफोजींच्या दरबारातलेच. बसस्टॉपजवळ अशोका हलवा मिळतो, मूगडाळीचा, तुपात निथळता. घ्याच.

दिवस चौथा

गाडी करून कल्लणै, इंग्रजीत ग्रँड अनिकट. करिकाल चोळाने साधारण दुसऱ्या शतकात घातलेला बंधारा, अजून वापरात. ओबडधोबड दगड नदीच्या वाळूत रुतवत रुतवत गेले आणि नदीला आडवी भिंत तयार झाली, १९ व्या शतकात आर्थर कॉटन या इंग्रज इंजिनिअरने तो अभ्यासला आणि त्याच पद्धतीवर पुढे गोदावरीवर बांध घातला. आज वर दिसतात ते दरवाजे आणि पूल इंग्रजांच्या काळातले. इथे पाणी वाटलं जातं: कोळ्ळिडम, कावेरी, वेण्णार आणि ग्रँड अनिकट कालवा, तोच कालवा तंजावर शहरातून मोठ्या देवळाजवळून वाहतो. मेट्टूर धरणातून १२ जूनला पाणी सोडायची प्रथा आहे, ते तीन-चार दिवसांत इथे पोचतं आणि मग कुरुवै (त्या हंगामातलं) भाताची लावणी. कर्नाटकात पाऊस कमी पडला की इथलं सगळं गणित बिघडतं, त्यामुळे चहाच्या टपरीवरसुद्धा लोक मेट्टूरची पातळी बोलतात. देऊळ, राजवाडा, वीणा, नाच, हे सगळं या पाण्यावर आणि त्या भातावर उभं राहिलं, म्हणून कल्लणै न बघता तंजावर अर्धंच.

दिवस पाचवा

कुंभकोणमच्या रस्त्याला दारासुरम. दुसऱ्या राजराजाचं १२ व्या शतकातलं ऐरावतेश्वर देऊळ, लहान आहे पण कोरीवकाम इतकं नाजूक की मोठ्या देवळापेक्षा इथे जास्त वेळ जातो. मंडपाला दगडी चाकं आणि घोडे लावून रथ केलाय. गर्दी जवळपास नाही. कुंभकोणममध्ये जेवलो आणि परत, तिथल्या देवळांसाठी वेगळा दिवस काढायला हवा. सर टी. माधवराव, त्रावणकोर, इंदूर आणि बडोद्याचे दिवाण, ते याच कुंभकोणमच्या तंजावर-मराठी घरातले.

संध्याकाळी खरेदी: मान डोलावणारी बाहुली (तलैयाट्टी बोम्मै, डोकं, धड आणि घागरा वेगवेगळे एकावर एक तोललेले असतात त्यामुळे सुटे करून कागदात गुंडाळून न्या, जोडून नेलीत तर फुटते), सरस्वती महालाच्या विक्री केंद्रातून मराठी पुस्तकं, आणि आत्याची पितळी डबरा-टंबलरची जोडी. रात्रीची गाडी.

आमचा मनोरा राहिला. सरफोजींनी समुद्रकाठी १८१४-१५ मध्ये बांधलेला आठ मजली षट्कोनी बुरूज, इंग्रजांनी नेपोलियनला हरवलं त्याची आठवण म्हणून. तंजावरपासून पट्टुकोट्टईमार्गे साधारण ६५ किमी. त्याच रस्त्यावर ओरत्तनाडुला मुक्तांबाळ छत्रम (धर्मशाळा) लागतं, १८०२ चं, रामेश्वरला पायी जाणाऱ्या यात्रेकरूंना जेवण, मुक्काम, औषधपाणी फुकट, शिवाय शाळा. राज्य गेलं तरी ही छत्रं चालू राहू द्या म्हणून राजांनी इंग्रजांना पत्र लिहिलं होतं. तुम्ही तंजावरहून पुढे रामेश्वरला जाणार असाल तर त्रिचीकडून न जाता या रस्त्याने गाडी घ्या, दोन्ही वाटेत होतात.